तारेला बांधलेला घोडा

मुलांनो, कल्पना करा. कॅलिफोर्नियाच्या माळावर काउबॉयच्या स्वस्तातल्या बोलपटाचं शूटिंग चाललंय. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधलीय, तिचं दुसरं टोक जमिनीतल्या खुंटीला. घोडा भरधाव सुटला, तार संपली, तो तोंडावर आपटला आणि पुन्हा उठलाच नाही.

"काय झकास पडला!" दिग्दर्शक म्हणाला.

"साहेब, पण मध्येच कुठलं तरी गाढव ओरडलं. तेही आवाजात आलंय," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"हात्तिच्या! आणा दुसरा घोडा."

घोडेवाल्याच्या नऊ वर्षांच्या व्हर्नाला सगळ्यांची किळस आली. बापाची तर जास्तच, कारण तो मुकाट्याने तिच्या लाडक्या जुनिपरला तार बांधत होता.

"बाबा, नको ना!"

"गप्प बस, पोरी. जरा आवाज झाला तर सगळं थांबेल."

कॅमेरा सुरू झाला. जुनिपर सुटायच्या आत व्हर्नाने छाती भरून श्वास घेतला आणि ती गाढवासारखी ओरडली.