पुठ्ठ्याचे साहेब

इलिनॉयमधल्या आमच्या गावजत्रेत पक्षाच्या मांडवाबाहेर रांग होती, राष्ट्राध्यक्षांच्या पुठ्ठ्याच्या कटआउटशेजारी फोटो काढायला. आठ वर्षं साहेब जिंकत होते, गावात आम्ही हरत होतो. ‘साहेब आहेत ना!’ म्हणत सगळे घरी बसायचे. गेल्या खेपेला रस्तेप्रमुखाच्या जागेला उमेदवारच मिळाला नाही, तर साठ जणांनी मतपत्रिकेवरच्या रिकाम्या ओळीत साहेबांचंच नाव खरडलं! यंदाही त्या जागेचा उमेदवारी अर्ज टेबलावर कोराच पडला होता. सरबत वाटणारी एकाहत्तर वर्षांची व्हर्ना उठली आणि तिने कटआउट दुमडून टेबलाखाली सारला. “अगं, लोक खोळंबलेत!” मी ओरडलो. “साहेब येणारेत का आपले खड्डे बुजवायला?” तिने अर्जावर स्वतःचं नाव लिहून रांगेला विचारलं, “माझ्याबरोबर दारोदार कोण फिरणार?” रांग कुरकुरत पांगली, सात जण उरले. “सातच?” मी म्हणालो. “खूप झाले!” व्हर्ना खुलली. “गेल्या खेपेला प्रचाराला या पुठ्ठ्याच्या साहेबांना धरून आपण तिघंच होतो.”