हरकतीचा शेवटचा दिवस

"आज तरी तोंड सांभाळ," कचेरीच्या पायरीवरच थोरल्या बहिणीने चटईवालीला बजावलं. "मागच्या वेळी ओरडलीस आणि शिपायाने बाहेर काढलं. पाच वाजले की हरकत घेता येणार नाही."

चटईवालीने दात आवळले. तिचा राग काही आजचा नव्हता. पक्ष्यांसाठी राखीव जागा घ्यायचं सरकारने ठरवलं, आणि घेतली कुठली? तर माळावरचा खडक, जिथे कावळासुद्धा बसत नाही! खडक एकाच मालकाचा, मोजायला सोपा, काम झटक्यात हातावेगळं. आणि जिथे पक्षी खरोखर उतरतात, जिथल्या लव्हाळ्यापासून तिच्या घरातल्या तीन पिढ्या चटया विणत आल्या, ती सरकारचीच पाणथळ आराखड्याबाहेर. तिथे भराव पडणार. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

हरकत घ्यायला आलेली ती एकटीच होती.

कारकून मात्र भलताच गोड निघाला. त्याने खुर्ची पुसून दिली. "मावशी, आधी इथे खाली सही करा. हजेरीची."

"वर कागद कोराच आहे की."

"तो मी भरतो. तुम्ही बोलाल तेच लिहायचं असतं."

निदान कुणीतरी लिहून घेतंय, म्हणून तिने सही केली.

"साहेब जेवायला गेलेत. थांबावं लागेल."

दिवसभराचं काम टाकून आले ते त्यांच्या ढेकराची वाट बघायला? शब्द अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. "हरकत नाही."

कारकुनाने मान डोलावून काहीतरी लिहिलं.

तासाभराने तो म्हणाला, "पंखा बिघडलाय हो. उकडत असेल."

"हरकत नाही."

पुन्हा पेन चाललं.

साडेचार झाले. साहेब आले आणि तडक आत गेले. चटईवालीने पिशवीतले घरट्यांचे फोटो काढून मांडीवर ठेवले.

"मावशी, साहेब आधी एक फोन उरकतील. चालेल ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीने तिचा हात घट्ट दाबला.

"हरकत नाही," ती दातओठ खात म्हणाली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांना आत बोलावलं. तिने फोटो टेबलावर मांडायला घेतले.

"राहू द्या, मावशी," साहेब हसून म्हणाले. "तुमचं म्हणणं शब्दशः नोंदवलंय."

इतक्या खेपांत पहिल्यांदाच कुणीतरी आपलं ऐकलं, असं तिला वाटलं. उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना. बहिणीकडे बघून ती चक्क हसली.

"वाचा," साहेब कारकुनाला म्हणाले.

कारकुनाने घसा खाकरला.

"हरकतदार समक्ष हजर, सही खाली आहे. तीन वेळा विचारण्यात आले. तिन्ही वेळा स्वच्छ शब्दांत उत्तर मिळाले: हरकत नाही."