जाळीतून येणारी हवा

"एसीचा डबा उघडला आणि वासाने माझं डोकंच फिरलं," मिस्त्री डॅशबोर्डखालून म्हणाला. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. "कोण ओढायचं हो एवढ्या सिगारेटी?"

"वडील. काचा बंद करून ओढायचे," मुलगा म्हणाला. "त्यांना जाऊन आठ वर्षं झाली."

"आठ? मला वाटलं, आत्ता विझवून खाली उतरलेत!"

एरवी मुलगा हसला असता. पण हल्ली त्याला कशाचंच हसू येत नव्हतं.

मिस्त्री कॉइल घेऊन बाहेर आला. तिच्या बारीक पात्यांमध्ये तपकिरी, चिकट राप बसली होती. तो म्हणाला, "या डब्याच्या मापाची नवी कॉइल मिळायची नाही. गाडी तुमच्याएवढी म्हातारी आहे, राग मानू नका. हीच धुऊन बसवतो. बाकी सगळं नवं टाकू. जुना कॉम्प्रेसर जाम झालाय, त्याजागी लहान बसवतो. पुढे पंखेवाला कंडेन्सर लावतो, म्हणजे उभ्या गाडीतही गार होईल."

"उभ्या गाडीतच हवंय. ही कुठे जात नाही. माझी आई हिच्यात जेवते."

"गाडीत?"

"फक्त गाडीतच."

मिस्त्रीने हात पुसले आणि पुढे काही विचारलं नाही. बरं झालं, कारण सांगण्यासारखं तरी काय होतं? आईच्या मनाची पाटी पुसत पुसत पार कोरी झाली होती. मुलाला ती 'अहो भाऊ' म्हणायची. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघून तिने एकदा सुनेला हळूच विचारलं होतं, "हे कोणाकडचे पाहुणे?" सून स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

मग आईने जेवण सोडलं. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. लाडीगोडी झाली, ओरडून झालं, हातापाया पडून झालं. एक दिवस ती पोर्चमधल्या जुन्या गाडीत जाऊन बसली. मुलगा हताश होऊन तिथेच ताट घेऊन गेला, आणि तिने आ केला.

तेव्हापासून दोन्ही वेळा हेच चालू होतं. बसल्या बसल्या ती काचा वर करायला लावायची आणि पंख्याचं बटण दाबायची. कोंदट, गरम हवा यायची. ती जाळीला नाक लावून बसायची. जीव गुदमरतोय बिचारीचा, असं मुलाला वाटायचं. स्टिअरिंगपुढे ती कोणाला बसू द्यायची नाही, म्हणून तो मागच्या सीटवरून वाकून भरवायचा. मध्येच ती पुटपुटायची, लाजल्यासारखी हसायची. आजारच तसा, दुसरं काय.

पण उन्हाळा लागला आणि गाडीची भट्टी झाली. गेल्या आठवड्यात ती घास तोंडात असतानाच बेशुद्ध पडली. डॉक्टर म्हणाले, "आजाराआधी हा उकाडा घेऊन जाईल यांना. एक तर यांना गाडीतून काढा, नाहीतर गाडीतून उकाडा काढा." डॉक्टरांचं काय, बोलून मोकळे झाले.

मुलाने तिला आपल्या नव्या गाडीत बसवून पाहिलं. गारेगार एसी, लोण्यासारख्या सीटा. तिने तोंड उघडलं नाही. जुन्या गाडीचीच सवय, दुसरं काय, असं म्हणून त्याने तो नाद सोडला.

"लवकर द्या, मिस्त्री," तो आता म्हणाला. "गाडी तुमच्याकडे आहे तोवर ती साखरपाण्यावर आहे. तेही निम्मं ओघळतं. अंगात काही उरलं नाही हो तिच्या."

"मलाही आई आहे. रात्रंदिवस बसतो." मिस्त्रीने छताच्या कापडाला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हेही बदलू का? सगळं धुराने भरलंय."

"बदला. गालिचे काढा, सीटा धुवा. त्या वासाचा कण ठेवू नका. असल्या हवेत ती श्वास घेते, मला बघवत नाही."

मिस्त्रीने शब्द राखला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः गाडी घेऊन आला. कॉइल तीन पाण्यांनी धुतली होती. छताला उष्णता अडवणारा थर देऊन वर नवं कापड ताणलं होतं. त्याने इंजिन चालू केलं, बटण फिरवलं आणि अभिमानाने बाजूला झाला.

"हात धरा जाळीपुढे. झऱ्याची हवा वाटेल!"

खरंच तशी वाटत होती. गार आणि स्वच्छ. मुलाला भडभडून आलं. त्याने मिस्त्रीचे दोन्ही हात धरले.

दोघा नवराबायकोंनी आईला अलगद उचलून आणलं. तिचं वजन लागत नव्हतं. गाडी दिसताच तिचे डोळे चमकले. आपल्या सीटवर बसल्यावर तिने काचेकडे बोट केलं. मुलाने काच वर केली, दार लावलं आणि ताट घेऊन मागे बसला. मऊ कालवलेला भात होता.

आईने नेहमीसारखं जाळीला नाक लावलं. जरा वेळ तशीच राहिली. मग दुसऱ्या जाळीशी वाकली. पुन्हा पहिलीशी आली.

"गार वाटतंय ना, आई?" मुलाने चमचा पुढे केला. "आ कर बघू."

तिने चमचा हाताने बाजूला सारला. स्टिअरिंगपुढच्या सीटकडे वळली आणि त्या सीटवरून हात फिरवत राहिली, अंधारात काही चाचपावं तसा. मग हात मांडीवर घेऊन शांत बसली.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "आमचे हे मध्येच कुठे उतरले? राहू द्या ते ताट. हे आले की आम्ही दोघं बरोबरच जेवू, रोजच्यासारखं."