पार्सलची सख्खी बहीण

जन्मभर कुत्र्यांनी पिटाळलेल्या पोस्टमनकाकांना निवृत्तीनंतर दारात पिल्लू सापडलं. नाव ठेवलं पार्सल. “शेफर्ड आहे,” काकू म्हणायच्या. “चष्मा पूस, लॅब्रेडॉर,” काका म्हणायचे. दहा वर्षांनी वाद मिटवायला पार्सलची लाळ डीएनए तपासणीला धाडली. देवाची करणी बघा, अहवाल आला तेव्हा पार्सलला जाऊन तीन आठवडे झालेले. सात जातींची भेसळ, दोघंही हरली. खाली मात्र त्याच प्रयोगशाळेत डीएनए जुळलेल्या सख्ख्या बहिणीच्या मालकिणीचा फोननंबर होता. काकूंना धुवायला न दिलेला, पार्सलच्या केसांनी भरलेला स्वेटर घालून काका भेटायला गेले. दार उघडताच पार्सलसारखाच दुमडलेला कान पुढे आला. बहिणीनं स्वेटर पुन्हापुन्हा हुंगला आणि काकांना ओलांडून ती जिन्याच्या तोंडाशी वाट बघत बसली. “भावाला आणायचंत की, काका,” मालकीणबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी,” काका म्हणाले आणि बहिणीशेजारी टेकून तेही जिन्याकडे बघत राहिले.