डाव्या कोपऱ्यातले वजन

उजेड आधी सातपुड्याच्या माथ्यावर आला. तिथून तो घाई न करता उतरला, सागाच्या पानांवर थोडा रेंगाळला, धरणाच्या भिंतीवरून घसरत पाण्यापाशी पोहोचला. आणि तिथे मात्र पुढे काय करावे हे न सुचल्यासारखा नुसता पसरून राहिला. रोजचाच उजेड. देवमन बोटीच्या सुकाणूशी बसून तो पाहत होता. मागे वळला असता तर हर्षा दिसली असती: पाण्यात तरंगत, छातीशी दोरीची मूठ धरून, तळव्यांना फळी टेकवून थांबलेली.

"देवमन्या, ध्यान लागलं का रे तुले?" ती ओरडली. "पानी थंडं हाय!"

बोट जुनी होती. दोरी धरून पाण्यावरून वेगात घसरत जाणाऱ्यांसाठी बांधलेली. मागे लाट उठू न देणे हाच तिचा गुण. हर्षाला नेमकी लाट हवी होती. बोटीमागच्या लाटेवर उभे राहायचे, दोरी सोडून द्यायची आणि नुसत्या पाण्याच्या रेट्यावर पुढे जायचे. म्हणून देवमन कित्येक दिवस बोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ओझे रचत होता. आधी पाण्याने भरलेल्या रबरी पिशव्या आल्या, मग रेतीची पोती. आज हर्षाची आई, पार्बताबाई, तेल्हाऱ्याच्या बाजाराला भाजी न नेता त्या पोत्यांवर येऊन बसली होती.

"मांगं एवढं वजन?" ती म्हणाली. "अशी उलाल गाडी जुपली तं बैलं वरतं लटकतीन, बाप्पा!"

दोरी सोडलेली हर्षा बोटीच्या मागच्या कडेला बांधलेल्या मोबाईलमध्ये एकदा टिपली गेली की ते चित्रण गोव्याला जाणार होते. तिथल्या एका जलक्रीडा केंद्राने तिला शिकवण्याचे काम देऊ केले होते, ते या एकाच अटीवर. तिला हे काम मिळावे म्हणूनच आपली ही सगळी खटपट, असे देवमन स्वतःला सांगत असे. त्यापलीकडचे काही तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

बोट निघाली. हर्षा फळीवर उभी राहिली. डावा कोपरा पाण्यात दबला आणि फाळाने मातीची कड उलटावी तशी लाट वर आली. समोरच्या आरशात देवमनला दोरी दिसत होती. ती ताठ होती. मग लाटेचा रेटा मिळाला आणि ती ढिली पडली. हर्षाची बोटे मुठीवरून उलगडू लागली, तेवढ्यात लाट खाली बसली आणि हर्षा पाण्यात गेली.

"वजन कमी पडून राहिलं," देवमन म्हणाला. "उद्या आणखी दोन पोते टाकू."

"पोते कायले? आईलेच जास्त जेवू घालतो," नाकातले पाणी शिंकरत हर्षा हसली.

दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. तिसऱ्याही. बोट वळवून तो तिच्याकडे परत निघाला, तेव्हा ती अजून दूर होती. पार्बताबाई हळूच म्हणाली,

"दोरी ढिली झाली का तू रेस सोडतं. काहून रे?"

"नाही, मावशी. वजनच..."

"मले का सोपं हाय तिले धाडनं? तरी बसली ना मी इथं वजन होऊन."

देवमनने बोट हर्षापर्यंत नेली. त्याने दोरी तिच्याकडे टाकली आणि बोट पुन्हा सरळ धरली. त्याने रेसचा दांडा पुढे ढकलला, इंजिनाचा आवाज चढला. या वेळी त्याने आरशात पाहिले नाही.

"झाली ढिली," मागून पार्बताबाई म्हणाली.

तेव्हा त्याने आपल्या हाताकडे पाहिले. रेसच्या दांड्यावरचा तो हात, कुणी सांगितल्याशिवाय, सावकाश मागे येत होता. देवमनने तो थांबवला. मग पुढे रेटला, आणि तसाच धरून ठेवला.

दोरी बोटीत येऊन पडली. पार्बताबाईने ती ओढून घेतली आणि पदर तोंडाशी धरला. मागे हर्षा येत होती, दोन्ही हात पसरून, कशालाही न बांधलेली. ती ओरडत होती. शब्द कळत नव्हते. देवमन समोर बघत बोट हाकत राहिला.

दोरी पहिल्या दिवशीही, पोती येण्याआधी, अशीच ढिली पडली होती.