तिने भरलेली बॅग

पहिला ठोसा बापाने मारला. मुलाचा ओठ फुटला, पण त्याने बॅगेची मूठ सोडली नाही. बॅग डाव्या हातात तशीच धरून त्याने उजव्या हाताने बापाच्या कानशिलात लगावली. बापाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या पंजाचं मधलं बोट निम्मंच होतं. आपल्या गालावर साडेतीन बोटं उठली असणार, हे त्याला आरशात न बघताही कळलं.

ते बोट बापाच्याच पायाखाली गेलं होतं. दोघंही अपघातात चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचे. एके दिवशी मुलाचा हात आत असतानाच बापाने पत्रा कापायच्या मशीनचं पेडल दाबलं. त्या दिवसानंतर मुलाने कारखान्यात पाऊल टाकलं नाही. बापाने माफी मागितली नाही, मुलाने मागायला लावली नाही. मधे आई होती, म्हणून येणंजाणं तरी राहिलं. आता तीही नव्हती.

बॅग तिनेच भरली होती, गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर. परदेशात जाऊन एकदा बर्फ बघायचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तिकिटांचं मी बघते, तुम्ही त्यात पडू नका, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. रोज संध्याकाळी विणत बसायची. काय विणतेस म्हटलं तर हसायची. मग एक दिवस बॅगेला कुलूप लावलं, अंथरूण धरलं, ते धरलंच. आजार तिला कधीपासून माहीत होता. तिने घरात कुणाला सांगितला नव्हता.

बापाने वर्षभर ती बॅग पलंगावर तिच्या बाजूला ठेवली होती. धूळ पुसायचा, कुलपाला हात लावायचा नाही. बॅग उघडली की बाई घरातून कायमची गेली, असं त्याने मनाशी धरलं होतं. आत तिचा लाल कोट होता. तिने तो आरशासमोर घालून बघितलेला त्याला आठवत होता. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. पोत्यात शिरल्यासारखी दिसतेस, मापाचा घ्यायचा ना, असं म्हणून तो हसला होता. आतून स्वेटर घालायचे आहेत, असं म्हणून तिने त्याची घडी घातली होती.

आणि आता मुलगा बायकोला घेऊन उद्या बर्फात सुट्टीला निघाला होता. बायकोसाठी कोट मागायला आला होता. इथे कसर खाणार त्यापेक्षा कुणाच्या अंगावर तरी राहील, म्हणाला. बाप म्हणाला, बायकोला मिरवायला निघालास तर कोटही स्वतःच्या कमाईचा घे. आई आजारी असताना किती वेळा आला होतास, तेही सांग. त्यावर मुलाने बॅग उचलली आणि म्हणाला, "मला कळलं नाही, कारण मी लांब होतो. तुम्ही शेजारी झोपत होतात."

तेव्हा बापाने ठोसा मारला होता.

आता बापाने खांदा लावून त्याला कपाटावर आदळलं. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. बॅग हातातून निसटून जमिनीवर पडली. मुलाने बापाची कॉलर धरून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, परत एकदा. बापाने गुडघा वर घेतला. मुलगा कळवळून वाकला, तसा त्याच्या मानेवर बापाचं कोपर बसलं. खालच्या भाडेकरूने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. एरवी तो रेडिओ मोठा झाला की ठोकायचा. मुलाने वाकल्या वाकल्याच बापाचे पाय ओढले. बाप तोंडावर आपटला, त्याचा पुढचा दात तुटला आणि मुलाच्या बुटाखाली चुरडला गेला.

मुलाने डाव्या हाताने परत बॅग धरली, तसा बापाने पलंगाखाली हात घातला. तिथे त्याची हत्यारांची पेटी असायची. हात बाहेर आला तो हातोडा घेऊनच.

"हात काढ बॅगेवरचा," तो म्हणाला. तोंडातून रक्त गळत होतं.

मुलाने डावा हात काढला आणि उजवा ठेवला. कुलपावर पंजा पसरून ठेवला.

"मारा. अजून चार बोटं शिल्लक आहेत."

हातोडा खाली आला. शेवटच्या क्षणी बापाने मनगट वळवलं की मुलाने हात ओढला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. घाव कुलपावर बसला. कुलूप उडालं, झाकण वर आलं.

सगळ्यात वर लाल कोट होता. मुलाने तो झडप घालून उचलला. बाप बाकीच्या कपड्यांवर आडवा पडला आणि दोन्ही हातांनी ते उपसायला लागला. त्याच्याच मापाचे स्वेटर निघाले. त्याची कानटोपी, गुडघ्यावर चढवायची त्याची लोकरीची पट्टी. त्याखाली मोठ्या मापाचे पुरुषी पायमोजे निघाले, ते त्याचे नव्हते. तो तळाला पोचला. तिचा एकही कपडा आत नव्हता.

"हा आईच्या मापाचा नाही," मुलगा म्हणाला.

बापाने मान वर केली. मुलाने एक हात कोटात घातला होता. खांदा खांद्यावर बसला होता. बाही बरोबर मनगटापाशी येऊन थांबली होती.

बापाच्या हातात हातोडा अजून तसाच होता. त्याने तो जमिनीवर ठेवला.

मुलाने कोटाचा खिसा चाचपला. आत लोकरीचे हातमोजे होते, घरी विणलेले. डावा चारचौघांसारखा होता. उजव्याचं मधलं बोट तिने निम्म्यावरच विणून संपवलं होतं.