खिडकीकडची बाजू

"एकाच बाजूले रंग द्याचा," ओमप्रकाश म्हणाले. "खिडकीकडच्या."

मनोज पेंटर त्यासाठी अकोल्याहून मूर्तिजापूरला आला होता. अंगणात, घराच्या खिडकीसमोर, जुनी मॅटाडोर उभी होती. चाकांतून गवत वर आलेलं. आत ओमप्रकाशांनी स्वतःच्या हातानं बसवलेली दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी, टाळ टांगायच्या खुंट्या.

"काका, हे म्हंजे नवरीच्या एकाच गालाले हळद लावल्यावानी झालं."

"दुसरा गाल भितीकडं हाय. त्याले कोन पायते? सस्त्यात होईन असं कर, बाप्पा."

मनोजकडे स्कूलबसचा पिवळा उरला होता. स्प्रे नको, ब्रशनंच मारू, असं ठरलं. मग ओमप्रकाशांनी त्याला गाडीआड नेऊन बाकीचं सांगितलं. इंजिन कधीचंच जाम झालं होतं. गाडी आता जागची हलणार नव्हती. पण त्यांच्या बायकोला, पार्बताबाईला, ते ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडल्यापासून तिनं खाट सोडली नव्हती. फुलांचा मळा सांभाळून दोघांनी याच गाडीतून जन्मभर कीर्तनं ऐकली. जिथं सप्ताह, तिथं मुक्काम. आता पातूरला काल्याच्या कीर्तनाला नेतो, असं ते तिला कबूल करून बसले होते. गाडीवर रंग चढताना दिसला तर तिला खरं वाटेल, पायांत बळ येईल.

"तिनं आशा सोडली त मी काय करू?" एवढं बोलून ते पायरीवर टेकले.

मनोज कामाला लागला. गंज घासला, पोच्यांत पुट्टी भरली, प्रायमर मारला. खिडकीतून पार्बताबाई बघत असायची. बुवा एकच चरण पुन्हा पुन्हा घोळवतात आणि ऐकणाऱ्याला कुठं जायचं नसतं, तसं तिचं बघणं होतं.

"सावकाश कर, बाबू," ती खिडकीतून म्हणायची. कुठं ब्रशचा केस चिकटलेला दिसला, की तेवढा भाग पुन्हा करायला लावायची. बाईला सोबत हवी असेल, असं मनोजला वाटायचं.

पण नवऱ्याला तिनं जी धावपळ लावली होती, ती काही त्याला बघवत नव्हती. पाणी कोमट नाही, उशी उंच झाली, वेणी वाकडी घातली. हाक आली की ओमप्रकाश उठायचे. पायांना तेल लावायचे, घास भरवायचे, तिन्हीसांजेला तिच्याजवळ बसून हरिपाठ म्हणायचे. सदरा त्यांच्या खांद्यावरून ओघळत असे. स्वतःच्या ताटातली भाकर तशीच राहायची. माणूस बायकोची सेवा करून करून वाळला, असं मनोज मनाशी म्हणायचा. एकदा तो बोललाच, काकू तुम्हाला फार पळवतात म्हणून.

ओमप्रकाश हसले. "पयवू दे. माह्यासंग उभी राहून गात होती ते. आता हुकूम सोडून राहिली. तेवढाच आवाज निघते तिचा."

शेवटचा हात चालू होता त्या सकाळी ते झेंडूची टोपली घेऊन देवळात गेले. थोड्या वेळानं मनोजच्या मागं चपला वाजल्या. काका परतले असतील, म्हणून त्यानं मान वळवली नाही.

"चहा घे."

पार्बताबाई उभी होती. पदर खोचलेला, हातात कप, कप जराही हिंदकळत नव्हता. मनोजनं खिडकीकडे पाहिलं. खाट रिकामी होती. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं.

"आता ते दुसरी बाजूबी रंगवाले काढ," ती म्हणाली. "गंज लागला म्हन, कायबी म्हन. दिवस लाव. गाडी चालत नाई, हे मले मालूम हाय."

"पन काकू, तुमचे पाय..."

"पायाले काय धाड भरली?" तिनं फाटकाकडे एकदा बघून घेतलं. "डाक्टरनं त्यायचे रिपोर्ट मले सांगतले, त्यायले नाई. दिवाई पायतीन का नाई, म्हने. दुखन्यानं त्यायनं त तवाच हातपाय गाळले होते, उठतच नव्हते. मंग मी न्हानीत पडली. मी खाटेवर हावो, म्हनून ते रोज सकायी उठून बसतात, बाबू."